आईसाहेबांच्या वाटचा घास

एका राज्यात दुपार व्हायची थांबली होती.

सूर्य उगवत होता, डोक्यावर येत होता, कलूनही जात होता. पण त्या राज्यात दुपार सूर्यावर ठरत नसे. राजवाड्याच्या सज्जात एक पितळी घंटा टांगलेली होती. राजाने पहिला घास तोंडात घातला की ती वाजे, आणि ती वाजली की मगच घराघरांत पाने वाढली जात. ही रीत कोण्या जुन्या राजाने हौसेने घातली होती. राजांना असल्या हौसा असतातच. तीनशे वर्षे कोणाचे काही अडले नाही, कारण तीनशे वर्षे त्या घराण्यात सगळे राजे चांगले खाणारे निपजले.

मग पुष्करसेन राजा गादीवर बसला. तोही काही कमी खाणारा नव्हता. पण ज्या दिवशी त्याला चोविसावे वर्ष पुरे झाले, त्या दिवशी भरल्या पंगतीत त्याने ताटाकडे पाहिले आणि त्याला काहीच वाटले नाही. वरणाचा वास आला नाही. भात जिभेवर ठेवला तर चव लागली नाही. आणि दुसरा घास उचलावा असे मनातच आले नाही. खिडकीत एक कावळा आणि एक चिमणी बसली होती, ती त्याच क्षणी उडून गेली. तिकडे कोणाचे लक्ष नव्हते.

त्या दिवसापासून राजा वाळत चालला. सकाळपासून तो पानावर बसे आणि दिवस मावळता मावळता, प्रजा खोळंबली आहे म्हणून, कसेबसे एक शीत जिभेवर ठेवी. मग घंटा वाजे. गावोगावची पोरे तोवर रडून रडून झोपलेली असत. त्यांना उठवून, बखोट धरून, अर्ध्या झोपेत भरवावे लागे. राजाने दवंडी पिटवली की माझ्यासाठी थांबू नका, खुशाल जेवा. लोकांनी पाने घेतली, घास उचलले, पण घंटेवाचून एकाचाही घास घशाखाली उतरेना.

मुदपाकखान्याचा मुख्य आचारी सोमंभट हा भला माणूस होता, पण त्याला एकच उपाय ठाऊक होता. कोणी जेवत नसेल तर आणखी वाढायचे. राजाने एक पक्वान्न नाकारले की दुसऱ्या दिवशी तो चार करी. पुरणपोळ्या झाल्या, केशरीभात झाला, ताटाभोवती एकवीस वाट्या मांडल्या गेल्या. सारा दरबार पानाभोवती बसून आग्रह करी. ‘महाराज, एवढा एक घास.’ ‘महाराज, माझ्या गळ्याची शपथ.’ शेवटी शेवटी नुसते ताट दिसले तरी राजाला दरदरून घाम फुटू लागला.

तीन मांत्रिक आले. पहिल्याने ताटातल्या पुऱ्या हवेत नाचवल्या. राजाने डोळे मिटून घेतले. दुसऱ्याने रिकाम्या हंड्यातून चौसष्ट पदार्थ काढले. राजाने भिंतीकडे तोंड केले. तिसऱ्याने मंत्राने स्वतःचीच भूक वाढवून घेतली आणि मुदपाकखान्यातले सगळे अनारसे खाऊन तो निघून गेला.

हे सगळे दाराआड उभी राहून एक म्हातारी बाई पाहत होती. तिचे नाव मथू, आणि सगळे तिला मथूदाई म्हणत. राजाची आई, राणी कनकावती, बाळंतपणानंतर नवव्या दिवशी वारली, तेव्हापासून पोराला मथूनेच वाढवले होते. त्याचा पहिला घास तिच्या हातचा. पोर तोंड मिटून बसले की ती म्हणे, ‘हा घास काऊचा, हा घास चिऊचा.’ सगळ्याच आया म्हणतात, त्यात नवल काही नाही. पण मग तिसरा घास हातात घेऊन ती म्हणे, ‘हा आईसाहेबांचा.’ हा घास दुसऱ्या कुठल्या घरी नसे. तिन्ही घास अर्थातच पोराच्या तोंडात जात.

आणि मथूदाईच्या मनात एक गोष्ट होती. चोवीस वर्षांत ती तिने कोणापाशी काढली नव्हती.

वेशीबाहेर वडाच्या ढोलीत एक जोगी राहत असे. तो तीनशे वर्षांचा आहे असे लोक म्हणत. तो स्वतः दोनशे ऐंशी सांगे. मथूदाई एका सकाळी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“जोगीबाबा, माझ्या राजाची भूक गेली.”

“गेली नाही, नेली आहे,” जोगी म्हणाला. “तिचे तीन वाटे झाले. वास कावळ्याने नेला. चव चिमणीने नेली.”

“आणि तिसरा?”

“तिसरा वाटा इच्छेचा. तो काळ्या नदीच्या पलीकडे आहे. ज्यांच्या नावाने घास निघाला आणि ज्यांना तो पोचला नाही, त्यांच्याकडे.”

मथूदाईला कळायचे ते कळले.

“मग चोवीस वर्षं काही झालं नाही ते?”

“आई ज्या वयात गेली त्या वयाला लेक आला. तिचं उपाशीपण त्याच्या अंगात उतरलं.”

“मी काय करू, बाबा?”

“नाव घेतलं होतंस, आता घास दे. तिघांनाही दे. तुझ्या हातचा, ज्याला जो सोसेल तो. आजपासून आठव्या दिवशी अमावास्या आहे. त्या दिवशी राजाला एक शीतही गिळता येणार नाही, आणि दिवस मावळला की ती घंटा कायमची मुकी होईल.”

घंटा मुकी झाली की राजा जाईल, आणि राजामागे घशाखाली घास न उतरणारी सगळी प्रजा जाईल, हे सांगायची गरज नव्हती.

मथूदाईने घरी येऊन गाठोडे बांधले. एक मडके, एक पळी, वर्षभर मुरलेले जुने तांदूळ, मूठभर मूग, सैंधव, जिरे, तुपाची बुधली आणि मेतकुटाची पुरचुंडी. सोमंभट दारात आडवा आला.

“एवढ्यावर काय भागणार, दाईबाई? थोडे बेसनाचे लाडू तरी घ्या.”

“लाडू नकोत,” मथूदाई म्हणाली. तिचा आवाज असा आला की सोमंभट बाजूला झाला.

दोन दिवस चालल्यावर काळा डोंगर लागला. त्यावर गवताची काडी नव्हती. माथ्यावर एक वठलेले झाड होते आणि झाडावर रेड्याएवढा कावळा बसला होता. त्याच्या बरगड्या पिसांतून दिसत होत्या.

“आलीस, म्हातारे?” कावळा म्हणाला. “दोन वर्षं तुझ्या खिडकीत बसलो. रोज माझं नाव ऐकलं, रोज चोच उघडली.”

“चुकले, बाबा. आता वाढते.”

तिने तीन दगड मांडले, भात टाकला, वर तूप ओतले आणि डोंगरासारखा ढीग वाढला. इतक्या दिवसांचा उपाशी जीव, त्याला पोटभर घालावे, असे तिला वाटले. कावळ्याने एक चोच मारली आणि भात तसाच्या तसा बाहेर आला.

“इतक्या दिवसांच्या रित्या पोटाला भात सोसतो का?” कावळा म्हणाला.

मथूदाई शरमली. आयुष्य आजाऱ्यांच्या उशाशी गेले आणि एवढे तिला सुचू नये. तिने तांदूळ कोरडेच मडक्यात भाजले, दगडाने भरडले, भरपूर पाण्यात रटरट शिजवले, वर जिरे आणि मिठाचा खडा टाकला. पळीतून धार पडेल इतकी पातळ पेज झाली. कावळा तीन घोट प्याला. त्याची मान थोडी सरळ झाली.

“पुरे,” तो म्हणाला.

पण मथूदाईचा हात तिच्या नकळतच पुढे गेला. “एवढासा अजून, बाबा. एकच घोट. माझ्यासाठी.”

मडक्यातल्या पेजेची राख झाली.

“मी पुरे म्हटलं होतं,” कावळा म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

दिवस कलला होता. तांदूळ निम्मे उरले होते. मथूदाईने मडके घासले, पुन्हा भाजले, पुन्हा भरडले, पुन्हा शिजवले. कावळा पुन्हा तीन घोट प्याला आणि पुरे म्हणाला. मडक्यात अजून पुष्कळ पेज होती, छान वाफाळत होती. मथूदाईने उजवा हात डाव्या हाताने धरून ठेवला.

“बरं,” ती म्हणाली. साठ वर्षांत हा शब्द तिने पानावर बसलेल्या माणसाला कधी म्हटला नव्हता. तो फार जड गेला.

कावळ्याने स्वतःचे एक पीस उपटून तिला दिले. “राजाच्या नाकातला वास यात आहे. ने.”

डोंगराच्या पलीकडे एक गाव होते. घरे होती, चुली होत्या, माणसे नव्हती. एका घराच्या आढ्यावर अंगठ्याएवढी चिमणी बसली होती. ती बोलली की तिचा आवाज साऱ्या गावभर घुमे.

“मला काही नको,” मथूदाईने तोंड उघडण्याआधीच चिमणी म्हणाली.

“काहीच नको?”

“काही नको. अन्नाचं नावही नको.”

मथूदाईने चूल पेटवली. मूग खमंग भाजले, मऊ शिजवले, पळीने घोटले आणि पदराच्या फडक्यातून गाळून घेतले. चुटकीभर मीठ, थोडेसे तूप आणि जिऱ्याची फोडणी. मुगाचे कढण तयार झाले तेव्हा सकाळ होती. तिने त्याच्यावर झाकण ठेवले आणि ती दुसरीकडे तोंड करून तांदूळ निवडीत बसली.

सूर्य वर आला. चिमणी हलली नाही. मथूदाईने दिवस मोजले. आज पाचवा दिवस. तिकडे राजा एका शिताशी झगडत असेल. हाक मारावी, चुचकारावे, ‘ये गं बाई, माझ्यासाठी ये’ म्हणावे, असे तिच्या ओठांवर दहादा आले. दहाही वेळा तिने एकेक खडा वेचून बाजूला टाकला. तांदूळ निवडून झाले. तिने तेच तांदूळ पुन्हा निवडायला घेतले.

दिवस कलला तेव्हा पंखांचा आवाज झाला. चिमणी मडक्याच्या काठावर बसली होती.

“झाकण काढ,” ती म्हणाली.

मथूदाईने झाकण काढले. चिमणीने चोच बुडवली, एक थेंब घेतला.

“पुरे.”

“बरं.”

एका थेंबासाठी अख्खा दिवस. मथूदाईच्या डोळ्यांत पाणी आले, पण तिने हात मांडीवरून उचलला नाही. थोडा वेळ गेला. चिमणी मान वाकडी करून मडक्याकडे पाहत होती.

“अजून आहे का?” तिने विचारले.

“आहे.”

“मग थोडं दे.”

या वेळी ती पाच थेंब प्याली. मग तिने पंखातले सर्वांत लहान पीस काढून मथूदाईच्या तळहातावर ठेवले. “राजाच्या जिभेची चव. सांभाळून ने, फार हलकी आहे.”

सहाव्या दिवशी मथूदाई काळ्या नदीवर पोचली. नदीला आवाज नव्हता. पाणी घोट्याएवढेच होते आणि त्यात कशाचीच सावली पडत नव्हती. ती पार झाली.

पलीकडे एक खोली होती, नुसतीच, घराशिवाय. मथूदाईने ती तत्काळ ओळखली. तीच खाट, तीच खाटेखालची शेगडी, तोच शेपा-ओव्याच्या धुरीचा वास. खाटेभोवती ताटेच ताटे रचलेली होती. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खारकांचा शिरा, चोवीस वर्षांचे, एकावर एक, छतापर्यंत. आणि मधे राणी कनकावती पडली होती. चोवीस वर्षांची, जशी होती तशी.

“मथू,” राणी म्हणाली. “किती म्हातारी झालीस गं.”

मथूदाईने खाटेच्या पायाशी डोके टेकले. तिला रडू कोसळले.

“आईसाहेब, त्या दिवशी तुम्ही मऊ भात मागितला होता. वर थोडं मेतकूट. दोन घास दे म्हणाला होतात.”

“हो.”

“मी दिला नाही. असलं आजाऱ्याचं खाऊन बाळंतीण अंग कशी धरणार, म्हणाले. लाडू पुढे केला. तुम्ही नको म्हणालात तर शपथ घातली.”

“कोणाची?”

“बाळराजांची.”

राणीने मान वळवून रचलेल्या ताटांकडे पाहिले.

“तुम्ही लाडू तोंडात घेतलात. संध्याकाळी तुम्ही गेलात तेव्हा तो तसाच तोंडात होता. मी तो बोटानं काढला आणि कोणाला सांगितलं नाही. मग रोज पोराला भरवताना तुमच्या नावाचा घास काढत होते. वाटायचं, तुम्हाला पोचेल.”

“पोचला नाही,” राणी म्हणाली. “त्याच्याच पोटात गेला. माझं उपाशीपणही त्याच्याबरोबर गेलं.”

“माझ्यावर रागावलात?”

“रागावले नाही, मथू. वाट बघत होते.”

मथूदाईने डोळे पुसले. शेगडीत निखारे होते. तिने चिमणीपाशी दोनदा निवडलेले तांदूळ धुतले, मडक्यात बेताचे पाणी घालून मंद आचेवर ठेवले. शीत शीत मोडले, भात चांगला गुरगुट्या झाला, तेव्हा तिने तो पळीच्या पाठीने घोटला. वर थेंबभर तूप सोडले आणि मेतकुटाची पुरचुंडी उघडली. भाजलेल्या डाळीचा आणि धण्या-जिऱ्याचा वास त्या खोलीत पसरला. राणीने डोळे मिटून श्वास घेतला.

“किती वाढू, आईसाहेब?”

हा प्रश्न चोवीस वर्षे उशिरा आला होता.

“दोन घास.”

मथूदाईने दोनच वाढले. राणी सावकाश जेवली. पहिला घास, मग थोडे थांबून दुसरा.

“पुरे.”

“बरं.”

भोवतीच्या ताटांची एकेक करून माती झाली आणि ती जमिनीत मिसळून गेली. खोली मोठी वाटू लागली.

“तो कसा दिसतो?” राणीने विचारले.

“आता वाळलाय. डोळे तुमचेच आहेत.”

राणीने उरलेला भात हाताने पुसून मडके रिकामे केले, त्यात एक फुंकर घातली आणि वर झाकण ठेवले. “यात त्याची इच्छा आहे. घरी गेल्याशिवाय उघडू नको.” मग ती कुशीवर वळली. मथूदाईने तिच्या अंगावर शाल घातली, पायापर्यंत नीट ओढली. राणीला झोप लागली होती.

परत निघाली तेव्हा नदी बोलली.

“येताना तू इथलं काही नेत नव्हतीस म्हणून सोडलं. आता मडक्यात इच्छा घेऊन चालली आहेस. तेवढंच इथे ठेव, मग जा.”

“माझ्याकडे काय आहे?”

“तुझी स्वतःची आहे.”

मथूदाईने फार विचार केला नाही. पाण्यात पाय टाकला, मधोमध आली तेव्हा पोटातून काहीतरी सुटून वाहून गेले. दुखले नाही. परतीच्या वाटेत तिला भूक लागली नाही, तहानेपुरते पाणी पिऊन ती दोन दिवस रात्रंदिवस न थांबता चालत राहिली.

अमावास्येच्या दुपारी ती नगरात शिरली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. लोक घरात रिकाम्या पानांपुढे बसून होते. आज राजाला एक शीतही गिळता येत नव्हते. राजाच्या महालात सारा दरबार गोळा झाला होता, आणि सोमंभट एकवीस वाट्यांचे ताट घेऊन रडत उभा होता. राजा उशीवर पडला होता. त्याचे मनगट मथूदाईच्या दोन बोटांत मावले असते.

“ही ताटं बाहेर न्या,” ती म्हणाली.

“दाईबाई, महाराजांनी काही खायला नको का?” सोमंभट म्हणाला.

“नको. तुम्ही चूल द्या.”

मूठभर तांदूळ उरले होते. तिने मडक्याचे झाकण काढले. फुंकर आत होती, ती तशीच राहू दिली. तांदूळ भाजले, भरडले, पेज ठेवली. पहिली उकळी आली तेव्हा कावळ्याचे पीस वर धरले. त्याचा धूर झाला आणि महालभर गेला. चिमणीचे पीस आत सोडले. ते मिठासारखे विरघळले.

उशीवर राजाचे डोके वळले.

“दाई,” तो म्हणाला, “जुन्या तांदळाचा वास येतो आहे.”

“होय, बाळराजे. किती वाढू?”

राजाने डोळे उघडून तिच्याकडे पाहिले. इतक्या महिन्यांत त्याला हे कोणी विचारले नव्हते. “थोडी,” तो म्हणाला.

पहिली पळी त्याने गिळली. सोमंभट धावत सज्जात गेला, घंटा वाजली, आणि नगरातून एकदम भांड्यांचा आवाज उठला. दुसरी पळी राजाने गिळली. तिसरी गिळली. मग तो उशीला टेकला.

“पुरे.”

“अजून एक, महाराज!” सारा दरबार ओरडला. “एवढी एक! आता तर कुठे सुरुवात झाली!” प्रधानाने हात जोडले. सोमंभट गुडघ्यांवर बसला. आणि मथूदाईच्या हातात चौथी पळी भरलेली होती. समोर तिचे लेकरू होते, हाडांचा सापळा झालेले, आणि पळीत गरम पेज होती. तिचा सारा जीव त्या पळीत उतरला होता. एक घोट गेला असता तर तिला किती बरे वाटले असते.

“बरं,” ती म्हणाली.

तिने ती पळी उचलून खिडकीत पानावर ओतली. हा काऊचा, हा चिऊचा आणि हा आईसाहेबांचा, असे म्हणून ती मागे सरली. एक साधा कावळा आणि एक साधी चिमणी आली, पानावर बसली, प्याली आणि उडाली.

“आता सगळे जा आणि जेवा,” ती दरबाराला म्हणाली. “इथे बघत बसू नका.”

ते गेले. राजा झोपला. मथूदाई उशाशी बसून राहिली. उन्हे सज्जातून उतरली तेव्हा राजाने कूस बदलली आणि डोळे मिटलेलेच ठेवून तो म्हणाला, “दाई, मला भूक लागली.”

राजाच्या अंगातले उपाशीपण तिथेच सुटले. राजा पेजेवरून कढणावर आला, कढणावरून मऊ भातावर, आणि पौर्णिमेला त्याने दोन फुलके खाल्ले. मग त्याने सज्जातली घंटा उतरवली. तिची लहान लहान पातेली केली, आतून कल्हई केली आणि गावोगाव एकेक दिले, ज्याला अन्न जात नसेल त्याच्यासाठी पेज शिजवायला. सोमंभट पेज करायला शिकला. त्याला ते फार अवघड गेले. राज्यात नवी रीत पडली की किती वाढू असे विचारायचे आणि एकदाच विचारायचे. आया पोरांना भरवताना काऊ-चिऊचे नाव घेत, पण ते दोन घास खरोखरच खिडकीत ठेवत. जो तो भूक लागली की जेवू लागला.

फक्त मथूदाईला भूक लागत नव्हती. हे राजाला थोडे उशिरा कळले. पंगत चालली असताना ती पळी घेऊन उभी राही आणि कोणी विचारले तर माझे झाले म्हणे. एके दिवशी तिला उभे राहवले नाही. राजाने तिला उचलून स्वतःच्या खाटेवर ठेवले. नदीवर काय झाले ते तिने सांगितले, कारण त्याने सरळ विचारले होते.

“मी नदीवर जातो,” राजा म्हणाला.

“जाऊ नका. तिथे काही ठेवल्याशिवाय काही मिळत नाही. मग पुन्हा तुमच्यासाठी कोणाला तरी जावं लागेल.”

राजा खाटेच्या काठावर बसला. मग त्याने विचारले, “काय खाशील, दाई?”

तिने विचार केला. “मऊ भात. वर थोडं मेतकूट.”

राजाने मुदपाकखान्यात जाऊन तो स्वतः शिजवला. पहिल्यांदा खाली लागला, दुसऱ्यांदा जमला.

“किती वाढू?”

“दोन घास.”

त्याने दोन वाढले. तिने खाल्ले आणि पुरे म्हटले. राजा म्हणाला, “बरं.” मग तिसरा घास त्याने खिडकीत ठेवला. असे रोज चालले, पावसाळाभर आणि हिवाळाभर. कधी दोन घास, कधी एक. शेवटच्या दिवशी तिने भाताकडे पाहून नुसती मान हलवली. राजाने ताट झाकले आणि तिचा हात हातात घेऊन तो बसून राहिला. त्याने शपथ घातली नाही.

दहाव्या दिवशी नगराजवळच्या नदीकाठी राजाने स्वतः पिंड ठेवला. लोक कुजबुजत होते की आता कावळा शिवायला किती वेळ लागतो कोण जाणे, म्हातारीची काय इच्छा राहिली असेल कोण जाणे. पण कोणाला काही बोलावे लागले नाही. काळ्या डोंगराकडून एक कावळा सरळ आला आणि पिंडावर बसला. त्याने तीन वेळा चोच मारली. भात अजून पुष्कळ उरला होता.

“पुरे,” कावळा म्हणाला.

“बरं,” राजा म्हणाला, आणि त्याने डोळे पुसले.

सज्जात आता घंटा नव्हती, तरी त्या राज्यात दुपार झाली.